रुमाल कोणाचा?

ती फाईल पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं, कोणीतरी थट्टा केलीय. आकार शून्य. परवानग्यांच्या जागी एक अक्षर नाही, नुसत्या दहा आडव्या रेघा, म्हणजे वाचायची, लिहायची कोणालाच मुभा नाही. आणि तारीख १४ मार्च १९८३. तेव्हा आमचं ऑफिस नव्हतं. ज्या सर्व्हरवर ती फाईल बसली होती तो दोन वर्षांपूर्वी आम्हीच खोक्यातून काढलेला. फाईलचा धनी म्हणून ज्याचं नाव दिसत होतं तो पोरगा १९८५ चा.

गोष्ट २००९ च्या पावसाळ्यातली, हुबळीतली. मी एका छोट्या कंपनीत सर्व्हर सांभाळायला होतो. काम चिपच्या नकाशांचं. बंगळुरूहून आणि परदेशातून येणाऱ्या कामाचा एखादा तुकडा आमची तीसेक मुलं रात्रंदिवस आखत बसायची. हुबळीत असलं काम चालतं याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. पण २००५ मध्ये संकल्प सेमिकंडक्टर याच गावात सुरू झाली आणि २०१९ मध्ये एचसीएलने ती विकत घेतली. आमचं ऑफिस ते नव्हे, आमचं त्याच्या कितीतरी लहान आणि आता मिटलेलं. मुलं बहुतेक विद्यानगरच्या बीव्हीबी कॉलेजातली. ते आता केएलई तंत्र विद्यापीठ झालंय.

भाषेचं म्हणाल तर घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, पडद्यावर इंग्रजी. हुबळी-धारवाडात हे नवं नाही. बेंद्र्यांच्या घरात मराठी होती आणि कविता कन्नडात झाली. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवायचे आणि कथा मराठीत लिहायचे. आमच्याकडे मला सगळे ‘अण्णा’ म्हणत आणि सगळ्यांत हुशार पोराला ‘तम्मा’, म्हणजे कन्नडात धाकटा भाऊ. त्याचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कोणी वापरलं नाही, मीही इथे वापरत नाही.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला कामं अडली. सगळ्या मशीन एका सर्व्हरवरच्या एकाच फोल्डरात काम करायच्या. दोघांनी एकाच वेळी एकाच नकाशात हात घालू नये म्हणून स्क्रिप्ट आधी एक रिकामी फाईल तयार करायची, तिला लॉक म्हणतात. ती ज्याला तयार करता आली त्याची पाळी. काम झालं की फाईल पुसायची. त्या दिवशी लॉक तिथेच होतं, पुसलं जात नव्हतं आणि ‘मी केलं’ म्हणायला कोणी तयार नव्हतं. तम्मा माझ्या टेबलाशी आला. “अण्णा, हे बघा. त्र्याऐंशी सालचं कुलूप.”

मी म्हटलं, “पुसून टाक.” त्या वयात माझं सगळ्या दुखण्यांवर हेच औषध होतं. तो म्हणाला, “पुसतो, पण आज नाही.” फाईलच्या वेळा टिपून घेऊन त्याने ती नाव बदलून बाजूला ठेवली. कामं सुरू झाली आणि तो कागद-पेन्सिल घेऊन कोपऱ्यात बसला.

त्याने काय शोधलं ते सांगण्याआधी हुबळीच्या जुन्या बसस्टँडवर जाऊन यायला हवं.

कोल्हापूरची गाडी लागते. फलाटावर दीडशे माणसं, गाडीत पन्नास जागा. जाणता माणूस पोराला ‘जागा आहे का बघून ये’ असं सांगत नाही. पोरगं आत जाणार, जागा बघणार, धावत येऊन सांगणार, तेवढ्यात तिथे तिसराच बसणार. जाणता माणूस सांगतो, ‘रुमाल टाक.’ बघणं आणि धरणं एकाच झटक्यात. रुमाल पडला की जागा आपली. आधीच दुसऱ्याचा असेल तर तिथल्या तिथे कळतं.

काँप्युटरवर फाईल तयार करण्याचं असंच आहे. एकाच मशीनमध्ये असाल तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हा कडक कंडक्टर. ‘नसेल तरच तयार कर’ म्हटलं की ते एका दमात होतं, मध्ये कोणी घुसत नाही. (फाईल तयार करण्याच्या युनिक्समधल्या आज्ञेचं नाव ‘क्रिएट’, पण इंग्रजी स्पेलिंगातलं शेवटचं ‘ई’ गळलेलं. युनिक्स पुन्हा करायचं झालं तर काय बदलाल, असं केन थॉम्पसनना विचारलं होतं. ते म्हणाले, ते ‘ई’ घालीन. आमच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या भांडणांना एवढं मोठं गिऱ्हाईक मिळालं नाही.)

फाईल दुसऱ्या मशीनवर असली की प्रकरण बदलतं. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८०च्या दशकाच्या मध्यावर नेटवर्क फाईल सिस्टिम, एनएफएस, बाहेर आणली. लांबच्या सर्व्हरवरची फाईल आपल्याच डिस्कवर असल्यासारखी दिसावी ही कल्पना. मधला दलाल म्हणजे कर्नलमधला ड्रायव्हर. प्रोग्रामला वाटतं आपण डिस्कशी बोलतोय, प्रत्यक्षात ड्रायव्हर पत्र लिहून सर्व्हरला पाठवतो आणि उत्तराची वाट बघतो. १९८९ मध्ये आरएफसी १०९४ म्हणून छापलेल्या दुसऱ्या आवृत्तीत या पत्रात ‘आधी नसेल तरच’ लिहायला रकानाच नव्हता. असा रकाना असायला हवा, ही टीप मात्र त्याच दस्तऐवजात छापली आहे. चूक ठाऊक असून छापलेला इतका प्रामाणिक कागद माझ्या तरी पाहण्यात नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. ड्रायव्हर आधी विचारायचा ‘आहे का?’, सर्व्हर म्हणायचा ‘नाही’, मग हा म्हणायचा ‘कर’. दोन मशीन एकाच वेळी विचारत, दोघींना ‘नाही’ मिळे, दोघी ‘कर’ म्हणत आणि दोघींना वाटे कुलूप आपलंच. हे बघून यायला पाठवलेलं पोरगं.

रुमालाची सोय केली तरी निम्मं दुखणं उरतं. पोराने खिडकीतून रुमाल टाकला आणि ओरडून सांगितलं, पण गर्दीत तुम्हाला ऐकूच आलं नाही. तुम्ही पुन्हा ओरडता, ‘रुमाल टाक!’ ते पुन्हा बघतं आणि सांगतं, ‘इथे आधीच रुमाल आहे.’ तुम्ही हळहळत पुढची गाडी बघता, आणि तुमचाच रुमाल तुमची वाट बघत कोल्हापूरला जातो.

नेटवर्कमध्ये हे रोजचं. पत्र पोचलं, काम झालं, उत्तर हरवलं. पाठवणाऱ्याच्या बाजूने ‘काम झालं नाही’ आणि ‘झालं पण कळलं नाही’ ही दोन दुःखं सारखीच दिसतात. त्याच्याकडे एकच उपाय, पुन्हा पत्र पाठवायचं. वाचण्याच्या मागणीत त्याने बिघडत नाही, एकच पान दोनदा वाचलं इतकंच. ‘नसेल तरच कर’ ही मागणी मात्र दुसऱ्यांदा गेली की ‘आधीच आहे’ असं उत्तर येतं. १९८९ मध्ये डिजिटल इक्विपमेंटच्या एका इंजिनिअरने सर्व्हरसाठी यावर तोडगा लिहिला: नुकत्याच दिलेल्या उत्तरांची वही ठेवा, तेच पत्र पुन्हा आलं तर काम न करता जुनंच उत्तर पाठवा. छान चालतं. पण वही सर्व्हरच्या स्मरणात. सर्व्हर बंद पडून उठला की वही कोरी.

म्हणून १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत, आरएफसी १८१३ मध्ये, रुमालावर नाव काढायची सोय झाली. ‘फक्त माझ्यासाठी, नवीनच’ अशी मागणी करताना ड्रायव्हर आठ बाइटांची खूण सोबत पाठवतो. सर्व्हर फाईल तयार करतो आणि खूण फाईलपाशीच, डिस्कवर ठेवतो. तीच मागणी पुन्हा आली तर फाईल आहेच, पण खूण जुळते का बघायचं. जुळली तर रुमाल याचाच, ‘झालं’ म्हणून कळवायचं. नाही जुळली तर दुसऱ्याचा. फोल्डर तयार करण्याच्या मागणीला मात्र ही खूण दिली नाही. तिथे आजही कधीमधी स्वतःच्याच रुमालावरून गाडी सोडली जाते.

आता अडचण अशी की ही आठ बाइटं ठेवायची कुठे? डिस्कवर फाईलच्या नोंदीत असल्या उसन्या सामानाला मोकळा कप्पा नसतो. धनी, आकार, परवानग्या आणि वेळा, एवढेच ठरलेले रकाने. मग सर्व्हर लिहिणाऱ्यांनी गृहिणीसारखी युक्ती केली: दुसऱ्या कामाच्या डब्यात तात्पुरतं ठेवून दिलं. फाईल शेवटची बदलली ती वेळ चार बाइटं, शेवटची वाचली ती वेळ चार बाइटं. चार आणि चार आठ. लगेच दुसऱ्या पत्राने ड्रायव्हर खऱ्या वेळा आणि खऱ्या परवानग्या पाठवतो आणि डबा पूर्ववत होतो. दोन पत्रांमधल्या त्या पापणी लवण्याइतक्या काळात फाईलच्या तारखांच्या जागी रुमालावरची अक्षरं असतात.

दुसरं पत्र कधीच आलं नाही तर?

तम्मा नेमकं हेच कागदावर मांडत होता. फाईलला तीन वेळा असतात. बदल झाल्याची १४ मार्च १९८३ होती. वाचल्याची त्याने काढून बघितली तर १ जानेवारी १९७०, सकाळी ८ वाजून ३७ मिनिटं २७ सेकंद. तिसरी वेळ नोंदीत फेरफार झाल्याची. ती सर्व्हर स्वतः घालतो, बाहेरून कोणाला बदलता येत नाही. ती अगदी ताजी होती: मंगळवार, दुपारी २ वाजून २ मिनिटं. म्हणजे फाईल त्याच दुपारची. बाकीच्या दोन तारखा तारखा नव्हत्याच.

त्याने लिनक्सचा कोड उघडला. आमच्या त्या आवृत्तीत ड्रायव्हर खुणेसाठी दोन आकडे पाठवायचा: मशीन सुरू झाल्यापासूनच्या टिकटिकीची मोजदाद, आणि मागणी करणाऱ्या प्रोग्रामचा क्रमांक. पहिला आकडा बदलल्याच्या वेळेत जाऊन बसतो, दुसरा वाचल्याच्या.

दुसरा सोपा. युनिक्सचं घड्याळ १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजतं, तेही ग्रिनिचच्या. आपण साडेपाच तास पुढे. ८:३७:२७ मधून साडेपाच तास काढा, राहतात ३ तास ७ मिनिटं २७ सेकंद. सेकंदांत ११,२४७. प्रोग्रामचा क्रमांक ११,२४७.

पहिल्यात गंमत जास्त. त्या लिनक्समध्ये सेकंदाला हजार टिक. फाईलच्या तारखेत मात्र प्रत्येक टिक एक सेकंद म्हणून वाचली जाते. म्हणजे मशीनचा एक दिवस म्हणजे फाईलची पावणेतीन वर्षं, आणि फाईलचा एक दिवस म्हणजे आपली जेमतेम ८६ सेकंदं. १९७० पासून १४ मार्च १९८३ पर्यंत ४,८२० दिवस. प्रत्येकी ८६.४ सेकंद. भागाकार करून तम्माने लिहिलं: ४ दिवस, १९ तास, ४० मिनिटं. मग पाच मिनिटं आणखी मिळवली. मी विचारलं, ही पाच कसली? कर्नलवाले टिकटिकीचा काटा शून्यावरून सुरू करत नाहीत, आकडा भरून पुन्हा शून्यावर यायला पाच मिनिटं उरलेली असतात तिथून सुरू करतात. आकडा उलटताना ज्यांचा कोड कोसळायचा तो पहिल्या पाच मिनिटांतच कोसळावा, दीड महिन्याने नव्हे. मुलीकडच्यांनी सासूचा स्वभाव साखरपुड्यातच बघून घ्यावा, तसं.

मंगळवार दुपारचे दोन वाजून दोन मिनिटं, त्यातून हे वजा केलं. आलं: गुरुवार, संध्याकाळ, सव्वासहा. “अण्णा, गुरुवारी सव्वासहाला सुरू झालेली मशीन कुठली?”

तीसच्या तीस मशीनना ‘कधीपासून जागी आहेस’ असं विचारलं. एकच निघाली, खिडकीजवळची. पावसाचं पाणी आलं म्हणून गुरुवारी ती हलवली होती आणि संध्याकाळी पुन्हा जोडली होती. तिच्या लॉगमध्ये स्क्रिप्टचा क्रमांक होता, ११,२४७. तिथे बसणाऱ्या पोराला, म्हणजे फाईलवर ज्याचं नाव होतं त्यालाच, विचारलं, मंगळवारी दोनला काय झालं? तो म्हणाला, लाईट गेली, काम लटकलं, दोन-तीनदा कंट्रोल-सी मारलं, मग जेवायला गेलो. मशीन आणि सर्व्हर यूपीएसवर होते. मधला स्विच मात्र, जागा बदलताना कोणीतरी, भिंतीतल्या साध्या सॉकेटला लावलेला. पहिलं पत्र पोचलं, स्विच मेला, दुसरं वाटेत राहिलं. ड्रायव्हर ते पुन्हा पाठवत राहिला असता, पण जेवायला जाणाऱ्याने प्रोग्रामच मारला. स्क्रिप्ट दिवसभरात हजारो वेळा कुलूप लावायची-काढायची, कधीतरी नेम लागणारच होता.

सॉकेट कोणी बदललं याची चौकशी मी केली नाही, कारण स्विच मीच हलवला होता.

यावर इलाज काय केला? स्विचची पिन यूपीएसला लावली, ते काम पाच मिनिटांचं. स्क्रिप्टचा इलाज जुना आहे आणि लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये छापलेला. आधी स्वतःच्या मशीनच्या नावाची एक फाईल करायची, जी दुसरा कोणी करणारच नाही. मग कुलपाचं नाव तिचंच दुसरं नाव म्हणून जोडायचं. जोडलं गेलं असं उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तरी हार मानायची नाही, स्वतःच्या फाईलला किती नावं आहेत ते मोजायचं. दोन असतील तर कुलूप आपलं, उत्तर काहीही येवो. दारातल्या निरोप्याचं ऐकायचं नाही, घरात जाऊन पानं मोजायची.

मुळातली दुरुस्ती मात्र प्रोटोकॉलमध्येच व्हावी लागली. जानेवारी २०१० मध्ये आलेल्या ४.१ आवृत्तीत खुणेसोबतच परवानग्याही त्याच पत्रात पाठवता येतात, आणि खूण कुठल्या डब्यात ठेवतो हे सर्व्हरला सांगावं लागतं. लिनक्सच्या बाजूनेही घोळ होता. कर्नलचा वरचा थर नाव शोधणं, फाईल करणं आणि उघडणं या वेगळ्या पायऱ्या धरून चालायचा, कारण घरच्या डिस्कवर त्याने काही बिघडत नाही. नेटवर्कवाल्यांना तिन्ही एका पत्रात हवं होतं. २०१२ मध्ये, कर्नलच्या ३.६ आवृत्तीत, मिक्लोश सेरेदींच्या कामातून ही सोय सगळ्या ड्रायव्हरांना मिळाली.

तम्माने मला सर्व्हरच्या कोडातली एक ओळ तेव्हा दाखवली होती, ती अजून डोक्यात आहे. खूण वेळेच्या डब्यात ठेवताना लिनक्सचा सर्व्हर तिच्या दोन्ही आकड्यांतला सर्वांत वरचा बिट पुसतो. वर टीप आहे: तो बिट असला की सोलारिस ७ गोंधळतो, आणि पुढे त्या तक्रारीचा क्रमांक. सोलारिस ७ आज कुठे चालत असेल तर संग्रहालयात. टीप मात्र आहे तिथेच आहे, उलट पुढे तिच्यात दुसऱ्या एका फाईल सिस्टिमचं नाव जोडलं गेलं. जुन्या वाड्यात एखादी खुंटी असते, कोणाच्या पगडीसाठी ठोकलेली. पगडी गेली, पण खुंटी काढायला कोणी धजत नाही.

ड्रायव्हरची आणखी एक खोड सांगतो. तो ‘आहे’ लक्षात ठेवतो तसं ‘नाही’सुद्धा ठेवतो. या नावाची फाईल नाही, असं एकदा कळलं की दर वेळी सर्व्हरला विचारायचे कष्ट वाचवतो. फोल्डरची बदललेली वेळ तीच असेल तर ‘नाही’ अजून ‘नाही’च आहे, असा हिशेब. पण त्या काळच्या आमच्या डिस्कवर वेळ पूर्ण सेकंदांत लिहिली जायची. एकाच सेकंदात मी विचारलं, ‘नाही’ आलं, आणि त्याच सेकंदात दुसऱ्याने फाईल केली, तर फोल्डरची वेळ बदललेली दिसतच नाही. शेजारी म्हणतोय फाईल ठेवलीय, आणि माझी मशीन हट्टाने म्हणतेय नाही. पुढे नॅनोसेकंदांचे रकाने आले. तरी कर्नल वेळ लिहायचा तो आपल्या टिकटिकीच्या ठोक्यावर, म्हणजे रकाना सोनाराचा आणि काटा वखारीचा. तो काटा जेफ लेटन यांनी हवा तेव्हाच बारीक होईल असा केला. ते काम कर्नलच्या ६.१३ आवृत्तीत आलं, जानेवारी २०२५ मध्ये. चाळीस वर्षांचं दुखणं.

ऑफिस मिटल्यावर मी धारवाडला परतलो. आता चिगरी बसने हुबळी-धारवाड हे बावीस किलोमीटर काहीच वाटत नाही. तम्मा आधी पुण्याला आणि मग समुद्रापार गेला. मी मामांच्या प्रेसमध्ये काँप्युटर बघायला जातो, चहावर. लग्नपत्रिका, यात्रेचे फलक, कधी एखादं मराठी पुस्तक. एक विंडोजची मशीन, एक जुना मॅक, मागे लिनक्सचा सर्व्हर. इथे कुलपं नाहीत, पण फाईल तयार करताना होणारा घोळ इथेही आहे, आणि तो अस्सल आपल्या लिपीचा.

पहिला घोळ लांबीचा. लिनक्सवर फाईलचं नाव २५५ बाइटांत बसावं लागतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, पाय मोडणं सगळं वेगळं चिन्ह. ८५ चिन्हांत नाव संपवायचं. मामा फाईलला पत्रिकेचा अर्धा मजकूर नाव म्हणून देतात, ‘यांचे कृपाशीर्वादाने’सकट. विंडोजवर ते बसतं, कारण तिथे मोजणी चिन्हांची. सर्व्हर नकार देतो. मामा म्हणतात, “तुझा सर्व्हर नास्तिक आहे.”

दुसरा घोळ बारीक. मागच्या हंगामात सर्व्हरवर ‘वऱ्हाड’ नावाचे दोन फोल्डर निघाले, शेजारी शेजारी, अक्षरही इकडचं तिकडे नाही. एकाच नावाचे दोन फोल्डर असूच शकत नाहीत, पोरासोरांना ठाऊक आहे. मी एकेक बाइट छापून बघितलं. विंडोजवर टंकलेला ऱ एकसंध होता. जुना मॅक आपल्या डिस्कवर नावं सुटी करून ठेवतो. त्याच्याकडून आलेल्या ‘ऱ’चा ‘र’ वेगळा आणि खालचा नुक्ता वेगळा. डोळ्याला एक, ड्रायव्हरला दोन. ड्रायव्हर वाचत नाही, नुसती बाइटं ताडून बघतो. विंडोजने विचारलं ‘वऱ्हाड आहे का?’, सर्व्हर प्रामाणिकपणे म्हणाला ‘नाही’, आणि नवं वऱ्हाड तयार झालं. ‘र’चा पाय मोडून मागे न दिसणारं जोडचिन्ह टाकायची तिसरीही रीत आहे. ती जुन्या काही टंकांत चालायची, म्हणजे तिसरं वऱ्हाडही वाटेत असू शकतं.

पत्त्यांच्या फोल्डराचीही तीच कथा. १ नोव्हेंबर २०१४ ला गावाचं सरकारी इंग्रजी नाव हुबळीचं हुब्बळ्ळी झालं. तेव्हापासून प्रेसमध्ये दोन्ही नावांचे फोल्डर आहेत आणि अर्धी गिऱ्हाइकं यात, अर्धी त्यात.

मी मामांना म्हटलं, दोन्ही वऱ्हाडं एकत्र करतो, रीतसर, आणि मॅकला एक सेटिंग लावतो म्हणजे पुन्हा होणार नाही. मामांनी चष्मा कपाळावर नेला, दोन्ही फोल्डर उघडून पाहिले, बंद केले.

“राहू दे रे. एक मुलाकडचं समज, एक मुलीकडचं. गेल्या साली एकत्र केलं असतंस तर जेवणाचा हिशेब कोणाच्या नावावर लावला असतास?”